राजासाठीची प्रार्थना : न्यूयॉर्कचे ट्रिनिटी चर्च, १७७६

अमेरिकन क्रांतीच्या काळात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पाळकांपुढे जो पेच उभा राहिला, त्याचे हे एक प्रकरण. धर्माच्या आधारे क्रांतीला विरोध करणारा पाळक प्रत्यक्षात, दर रविवारी, वेदीसमोर उभा राहून काय करतो, हे यात टप्प्याटप्प्याने दिसते. पाळक होते चार्ल्स इंग्लिस. त्यांनी ३१ ऑक्टोबर १७७६ रोजी लंडनच्या मिशनरी संस्थेला लिहिलेल्या सविस्तर पत्रामुळे बहुतेक घटना कळतात. पत्र एका बाजूचे आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

पार्श्वभूमी

ट्रिनिटी चर्च ब्रॉडवेवर, वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी. १६९७ ची राजसनद, पुढे राणी ॲनच्या काळात मिळालेली मोठी जमीन, आणि सेंट जॉर्ज (१७५२) व सेंट पॉल (१७६६) ही दोन उपचर्चे. रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, होते सॅम्युएल ऑकमुटी. इंग्लिस हे त्यांचे सहायक, मूळचे आयर्लंडचे. १७५८ मध्ये दीक्षा घेऊन त्यांनी काही वर्षे डेलावेअरमधल्या डोव्हर येथे मिशनरी म्हणून काम केले आणि १७६५ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. १७७६ च्या वसंतात रेक्टर शहराबाहेर न्यू जर्सीत होते, त्यामुळे निर्णयांचा भार सहायकावर पडला.

त्या काळी अमेरिकन वसाहतींत एकही अँग्लिकन बिशप नव्हता. दीक्षेसाठी प्रत्येक उमेदवाराला अटलांटिक ओलांडून लंडनला जावे लागे, आणि तिथे गेल्यावर शपथा घ्याव्या लागत. राजाशी निष्ठेची शपथ तर होतीच. त्याशिवाय १६०४ च्या नियमावलीतल्या ३६व्या नियमाप्रमाणे तीन कलमांवर सही करावी लागे. राजाचे सर्वोच्चत्व मान्य आहे. प्रार्थनापुस्तकात देववचनाविरुद्ध काही नाही आणि मी सार्वजनिक उपासनेत हेच पुस्तक वापरीन, दुसरे नाही. आणि ३९ धर्मकलमे मान्य आहेत. यातले मधले कलम १७७६ मध्ये फास बनले.

कारण त्या प्रार्थनापुस्तकात राजा एका ठिकाणी नाही, पानोपानी आहे. रविवारच्या सकाळी प्रातःप्रार्थना, लितनी (पाळकाची विनंती आणि मंडळीचे उत्तर अशी लांब प्रार्थना) आणि प्रभुभोजन विधीचा पहिला भाग असे सलग वाचले जाई. प्रातःप्रार्थनेत ‘हे प्रभू, राजाचे रक्षण कर’ हे उत्तर-प्रत्युत्तर, मग राजासाठी एक प्रार्थना, राजकुटुंबासाठी दुसरी. लितनीत राजाच्या नावाने लागोपाठ विनंत्या आणि प्रभुभोजन विधीत पुन्हा राजासाठी एक. म्हणजे तासा-दीड तासाच्या उपासनेत मंडळीच्या कानावर जॉर्ज राजा किती वेळा येई, याचा अंदाज करा. त्याच लितनीत ‘राजद्रोह, गुप्त कट आणि बंड यांपासून, हे प्रभू, आम्हाला सोडव’ अशी विनंतीही आहे. त्यातला ‘बंड’ हा शब्द १६६२ च्या आवृत्तीत घातला गेला. इंग्लंडमध्ये राजाचे डोके उडवले गेल्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती.

विरोधाचा धार्मिक पाया

क्रांतीविरोधी पाळक कशाच्या आधारावर बोलत होते, ते नीट पाहू.

पहिला आधार शास्त्राचा. रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय सांगतो की सत्ता देवाने नेमलेली आहे आणि तिला विरोध करणारा देवाच्या व्यवस्थेला विरोध करतो. पेत्राचे पहिले पत्र, अध्याय २, म्हणते : देवाचे भय धरा, राजाचा मान राखा. नीतिसूत्रे २४:२१ बदल घडवू पाहणाऱ्यांच्या नादी लागू नका असे सांगते. शौल राजा हातात सापडला असतानाही दावीदाने ‘देवाच्या अभिषिक्तावर’ हात उगारला नाही, आणि बापाविरुद्ध उठलेल्या अबशालोमाचा शेवट काय झाला, ही उदाहरणे प्रवचनांत वारंवार येत.

दुसरा आधार चर्चच्या स्वतःच्या शिकवणीचा. १५६९ च्या उत्तर इंग्लंडमधल्या उठावानंतर ‘आज्ञाभंग आणि हेतुपुरस्सर बंडाविरुद्ध’ असे दीर्घ प्रवचन तयार करून ते अधिकृत प्रवचनसंग्रहात घातले गेले. त्याची मांडणी अशी की पहिला बंडखोर लूसिफर, आणि वाईट राजा हा प्रजेच्या पापाचा दंड असू शकतो, म्हणून उपाय तलवार नव्हे, पश्चात्ताप. शिवाय दरवर्षी ३० जानेवारीला, चार्ल्स पहिला याच्या वधाच्या दिवशी (१६४९), खास उपासना असे.

याचा सर्वांत टोकदार अवतार मेरीलँडच्या जोनाथन बाउचर यांच्या प्रवचनांत दिसतो. बापाची घरावरची सत्ता हेच राजसत्तेचे मूळ, लोकांच्या संमतीने राज्य निर्माण होते ही कल्पनाच चूक, असे ते मांडत. मात्र त्यांचीही शिकवण आंधळ्या आज्ञापालनाची नव्हती. राजाची आज्ञा देवाच्या आज्ञेविरुद्ध असेल तर ती पाळू नये, पण शिक्षा निमूट सोसावी, हात उचलू नये. त्या काळी याला निष्क्रिय आज्ञापालन म्हणत. १७७५ मध्ये ते व्यासपीठावर भरलेली पिस्तुले जवळ ठेवून प्रवचन देत आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडला निघून गेले.

या साऱ्या मांडणीत एक मोठे भोक होते, ते म्हणजे १६८८. जेम्स दुसरा याला घालवून विल्यम व मेरी यांना गादीवर बसवणारी क्रांती इंग्लंडच्या चर्चने पचवली होती. जुन्या राजाची शपथ मोडायला नकार देणारे आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट आणि सुमारे ४०० पाळक पदे गमावून बसले. बाकीच्यांनी नवी शपथ घेतली. १७७६ मधला प्रत्येक अँग्लिकन पाळक त्या दुसऱ्या गटाचा वारस होता. बॉस्टनचे जोनाथन मेह्यू यांनी १७५० मध्येच या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले होते. रोमकरांस १३ मध्ये सत्ताधारी ‘तुझ्या हितासाठी देवाचा सेवक’ म्हटला आहे. जो हित करीत नाही तो मग सेवक कसला, असा त्यांचा प्रश्न. माझ्या मते क्रांतीविरोधी पाळकांकडे याचे पटणारे उत्तर नव्हते.

इंग्लिस बाउचर यांच्याइतके टोकाला गेले नाहीत. थॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ या स्वातंत्र्यवादी पुस्तिकेने १७७६ च्या सुरुवातीला खळबळ उडवली. पेन यांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला आठवा अध्याय, म्हणजे इस्राएल लोक राजा मागतात तो प्रसंग, राजेशाहीविरुद्ध वापरला होता. इंग्लिस यांनी उत्तरादाखल लिहिलेल्या पुस्तिकेत बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १७वा अध्याय पुढे केला, जिथे राजा नेमण्याची मुभा आणि त्याचे नियम आहेत. पण त्यांच्या पुस्तिकेचा बराच भाग व्यवहाराचा आहे : युद्धाचा खर्च, व्यापाराची हानी, ब्रिटिश राज्यघटनेत मिळणारे स्वातंत्र्य, समेटाने काय साधेल. केवळ शास्त्रवचनांनी न्यूयॉर्कचा व्यापारी वळणार नाही हे त्यांना कळत होते.

पेच कसा घट्ट होत गेला

पहिला फटका पुस्तिकेलाच बसला. मार्च १७७६ मध्ये सॅम्युएल लाउडन यांच्या छापखान्यात ती तयार झाली. लाउडन स्वतः वसाहतींच्या बाजूचे, पण मुद्रक म्हणून दोन्ही बाजू छापावयास तयार. रात्री जमाव आला, प्रती उचलून नेल्या आणि जाळल्या. पुढे ती ‘अमेरिकेचे खरे हित’ अशा आशयाच्या शीर्षकाने फिलाडेल्फियातून, लेखकाच्या नावाविना निघाली.

एप्रिलमध्ये वसाहतींचे सेनापती वॉशिंग्टन सैन्यासह शहरात आले. एका रविवारी सकाळी त्यांचा एक सेनाधिकारी रेक्टरच्या घरी निरोप ठेवून गेला : सेनापती आज चर्चला येणार आहेत, राजासाठीच्या तीव्र प्रार्थना गाळल्या तर बरे होईल. निरोप इंग्लिस यांच्याकडे पोहोचला. त्यांनी दुर्लक्ष केले आणि प्रार्थना म्हटल्या. नंतर तो अधिकारी भेटला तेव्हा इंग्लिस यांनी सुनावले की चर्चे बंद करणे तुमच्या हातात आहे, पाळकाला कर्तव्यापासून हटवणे नाही. अधिकाऱ्याने अवघडून माफी मागितली. ही मागणी वॉशिंग्टन यांच्या संमतीने झाली नसावी, असे इंग्लिस स्वतःच लिहितात.

१७ मे हा काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, ठरवलेला उपासाचा दिवस. चर्च बंद ठेवावे तर उघड विरोध, उघडावे तर काँग्रेसचा हुकूम मानल्यासारखे. त्यांनी चर्च उघडले, शांती आणि पश्चात्ताप हा विषय घेतला आणि राजकारणाशी माझा संबंध नाही असे स्पष्ट सांगितले.

त्याच सुमाराचा एक प्रसंग. उपासना बरीच पुढे गेलेली असताना शंभरेक सशस्त्र माणसे ढोल-बासऱ्या वाजवत, बंदुका भरलेल्या, संगिनी चढवलेल्या, थेट आत शिरली.  काही बायका घेरी येऊन पडल्या. इंग्लिस यांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. वाचन चालू ठेवले, फक्त आवाज चढवला. ती माणसे जवळपास पंधरा मिनिटे बाकांमधल्या वाटेत तशीच उभी राहिली, आणि मग चर्चच्या सेवकाने बसायला जागा दाखवल्यावर बसली. लोकांची खात्री होती की राजासाठीची प्रार्थना सुरू होताच गोळी सुटणार, कारण तशा धमक्या आधीच दिल्या गेल्या होत्या. प्रार्थना वाचली गेली. गोळी सुटली नाही.

इथवर इंग्लिस यांचा मार्ग धाडसाचा, पण सरळ होता. ४ जुलैच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने तो मोडला. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये जाहीरनामा सैन्यासमोर वाचला गेला आणि त्याच रात्री बोलिंग ग्रीनमधला राजाचा पुतळा ओढून पाडला गेला. कालपर्यंत राजासाठी प्रार्थना ही अप्रिय गोष्ट होती, आता ती शत्रूच्या विजयाची मागणी ठरली.

तोललेले पर्याय

एक, प्रार्थना तशाच म्हणत राहायच्या. कनेक्टिकटमधले वृद्ध मिशनरी जॉन बीच यांनी हेच केले आणि युद्धभर निभावलेही. पण ते खेड्यातल्या मंडळीचे पाळक होते. हजारो सैनिकांची छावणी असलेल्या शहरात धोका एकट्या पाळकाला नव्हता, बाकांवर बसलेल्यांनाही होता.

दोन, राजाचे नाव गाळून बाकीची उपासना चालवायची. फिलाडेल्फियात क्राइस्ट चर्चच्या व्हेस्ट्रीने, म्हणजे कारभारी मंडळाने, ४ जुलैलाच बैठक घेऊन तसा ठराव केला आणि रेक्टर जेकब डुशे यांनी प्रार्थनापुस्तकात राजाच्या नावावर काट मारली. मेरीलँडच्या अधिवेशनाने मे महिन्यातच, तर व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने ५ जुलैला तसे हुकूम काढले. कायद्याचा आधार शोधला तर अगदीच नव्हता असे नाही : १६६२ च्या एकरूपता कायद्यात राजकुटुंबाची नावे ‘कायदेशीर अधिकाराच्या’ सूचनेनुसार बदलण्याची तरतूद होती. पण कायदेशीर अधिकार कोणाचा? सारे युद्ध त्याच प्रश्नावर चालले होते. म्हणून इंग्लिस यांच्या दृष्टीने नाव गाळणे हेच राजकीय उत्तर होते.

तीन, निघून जाणे, बाउचर गेले तसे.

चार, सार्वजनिक उपासना थांबवून चर्चेच बंद करणे. यात शपथही मोडत नव्हती आणि रक्तही सांडत नव्हते, पण मंडळी उपासनेविना राहणार होती.

काय केले

इंग्लिस यांनी चौथा मार्ग धरला. एकट्याने ठरवले नाही. जे व्हेस्ट्री-सदस्य शहरात होते त्यांना विचारले, त्यांनी मान्य केले, आणि तिन्ही चर्चे बंद झाली. त्याच महिन्यात कनेक्टिकटच्या पाळकांनीही हाच मार्ग घेतला.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. बंद झाली ती सार्वजनिक उपासना. बाप्तिस्मा, आजाऱ्यांची भेट, दफनविधी यांच्या पाठात राजासाठी प्रार्थना नाही. त्यामुळे ही कामे शपथ न मोडता चालू ठेवता येत होती आणि इंग्लिस यांनी ती चालू ठेवली. कुटुंबाला त्यांनी हडसन नदीच्या वरच्या अंगाला सुमारे ७० मैल दूर पाठवले होते, स्वतः मात्र शहरात राहिले.

पुढचा प्रश्न किल्ल्यांचा. बंद चर्चमध्ये आपले पाळक प्रवचन देतील, किल्ल्या द्या, अशी मागणी सैन्याच्या बाजूने आली. इंग्लिस यांनी नकार दिला, धमक्यांनंतरही दिला, आणि सगळ्या किल्ल्या स्वतःकडे गोळा केल्या, म्हणजे सेवकांवर दबाव आणून कोणी दार उघडू नये. मागणी शेवटी सोडून दिली गेली. ऑगस्टच्या मध्यावर शहरात राहणे अशक्य झाले तेव्हा ते लाँग आयलंडवरील फ्लशिंगला गेले. २७ ऑगस्टच्या लढाईनंतर तो भाग ब्रिटिशांच्या हाती आला. १५ सप्टेंबरला शहर पडले आणि दुसऱ्याच दिवशी ते परतले. घर लुटले गेले होते. त्याच आठवड्यात त्यांनी एक चर्च उघडून उपासना घेतली.

परिणाम

२१ सप्टेंबरच्या पहाटे शहराला आग लागली. शहराचा जवळपास चौथा हिस्सा, सुमारे ५०० घरे जळाली, आणि त्यात ट्रिनिटी चर्चही गेले. सैन्याने माघारीपूर्वी शहरातल्या घंटा नेल्या होत्या, त्यामुळे धोक्याची घंटा वाजवायची सोय राहिली नव्हती. सेंट पॉल लोकांनी धावपळ करून वाचवले.

मार्च १७७७ मध्ये ऑकमुटी वारले. इंग्लिस रेक्टर झाले, आणि त्यांचा पदग्रहणविधी जळक्या भिंतीवर हात ठेवून झाला. १७७९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्यांचे व पत्नीचे नाव राजद्रोह्यांच्या यादीत घालून मालमत्ता जप्त केली. १७८३ मध्ये ब्रिटिशांनी शहर सोडले तेव्हा तेही इंग्लंडला गेले. १२ ऑगस्ट १७८७ रोजी ते नोव्हा स्कॉशियाचे बिशप झाले, ब्रिटिश वसाहतींतले पहिले अँग्लिकन बिशप. क्रांतीपूर्वी वर्षानुवर्षे मागितलेली गोष्ट क्रांती झाल्यावर, ती जिथे झाली नाही त्या भूमीला मिळाली. त्याच मालिकेत १८१४ ला कलकत्ता आणि १८३७ ला मुंबई ही बिशपपदे येतात.

ट्रिनिटीत १७८४ मध्ये नवी व्हेस्ट्री आली आणि क्रांतीच्या बाजूचे सॅम्युएल प्रोवोस्ट रेक्टर झाले. स्वतंत्र देशातल्या अँग्लिकनांना बिशप मिळवतानाही तीच शपथ आडवी आली. इंग्लंडचे बिशप राजनिष्ठेच्या शपथेविना अभिषेक करू शकत नव्हते, म्हणून सॅम्युएल सीबरी यांना नोव्हेंबर १७८४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जावे लागले, शपथ नाकारून बाहेर पडलेल्यांच्या परंपरेतल्या बिशपांकडे. १७८६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून परकीय उमेदवारांना शपथेतून सूट दिली, तेव्हा कुठे फेब्रुवारी १७८७ मध्ये प्रोवोस्ट आणि फिलाडेल्फियाचे विल्यम व्हाइट यांचा अभिषेक लंडनला झाला. १७८९ च्या अमेरिकन प्रार्थनापुस्तकात राजाच्या जागी राष्ट्राध्यक्ष आले.

वेगळे काय करता आले असते

चर्च बंद करण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. किल्ल्या न देण्याचाही. त्यात मंडळीचे प्राण, स्वतःचे वचन आणि वास्तूचा ताबा या तिन्हींचा विचार झाला.

चूक दिसते ती युक्तिवादाच्या क्रमात. इंग्लिस यांची खरी भक्कम बाजू होती शपथ : मी वचन दिले आहे, ते मोडणार नाही. हे शेजाऱ्याला, अगदी विरोधकालाही, समजण्यासारखे होते. त्या सेनाधिकाऱ्यालाही ते समजले. त्याऐवजी बंड हे मुळातच पाप, असा सर्वसाधारण सिद्धान्त पुढे केला की १६८८ चा प्रश्न येणार आणि समोरचा वाद जिंकणार. क्रांतिविरोधी पाळकांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या, त्यामुळे सिद्धान्ताच्या कमकुवतपणाचा डाग वचनावरही पडला.

दुसरे, परिस्थितीचे वाचन. उठावाच्या मुळाशी अँग्लिकनेतर पंथीयांचा, विशेषतः प्रेस्बिटेरियनांचा हात आहे, हे इंग्लिस यांच्या पत्राचे सूत्र आहे, आणि त्यातूनच अमेरिकेत बिशप नेमण्याची निकड ते लंडनला पटवतात. पण जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांपैकी अर्ध्याहून अधिक अँग्लिकन घरांतले होते. स्वतःच्या बाकांवर बसणाऱ्यांचे मन पाळकाने पंथाच्या हिशेबाने मोजले, की युद्धानंतर तीच माणसे व्हेस्ट्रीत येऊन बसतात तेव्हा त्याला जागा उरत नाही.

तिसरा मुद्दा निष्ठेच्या मुदतीचा. विल्यम व्हाइट यांनीही तीच शपथ घेतली होती. ४ जुलैपूर्वीच्या रविवारपर्यंत त्यांनी राजासाठी प्रार्थना म्हटली, मग थांबले आणि नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतली. रक्षण करणारी सत्ता बदलली की निष्ठेचा आधार बदलतो, या विचाराला १६८८ चा दाखला होताच. उलट डुशे यांनी घाईने नाव खोडले, काँग्रेसचे पुरोहितपण केले, आणि १७७७ मध्ये ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया घेतल्यावर वॉशिंग्टन यांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा मागे घ्यायला लावा असे पत्र लिहिले. ते दोन्ही बाजूंनी परके झाले. इंग्लिस यांनी जुलै १७७६ मध्ये चर्च बंद करताना, कोणती सत्ता, किती काळ, कशामुळे कायदेशीर ठरली तर दारे पुन्हा उघडतील, हे व्हेस्ट्रीबरोबर ठरवून घेतले असते, तर १७८३ मध्ये त्यांच्यापुढे जहाजाखेरीज दुसराही मार्ग राहिला असता. ब्रिटिश सैन्य परत येईल आणि प्रश्न आपोआप मिटेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. सैन्य परत आले, सात वर्षे राहिले, आणि त्या सात वर्षांत तो प्रश्न कोणी पुन्हा काढलाच नाही.